बालाघाटला हँग होणारा संगणक

बालाघाटला जाऊन आले असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग कान्हा पाहिलं का? वाघ दिसला?" कान्हा पाहिलं नाही आणि वाघ दिसला नाही. मी बालाघाटला गेले ती एक संगणक बंद कसा पडतो ते पाहायला. एवढं सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. तुम्ही बदलू नये म्हणून आधी थोडं सांगते.

संगणक चालू केल्यावर त्याचा सगळा कारभार जी बघते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेक लोक ती विकत घेतात, काही ढापतात, आणि काही वेडे लोक स्वतःच लिहायला बसतात. मी त्या तिसऱ्या प्रकारातली. पुण्यात दिवसभर बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं आणि घरी आल्यावर, इतरांनी टीव्ही लावावा तसं, या आमच्या हौशी सिस्टीमचं काम काढून बसायचं. जगभरातले पंधरावीस जण मिळून ती लिहीत होतो. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. लिहिलेलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं.

या सिस्टीमला ब्लूटूथ येत नव्हतं. त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ब्लूटूथ येऊ लागलं होतं, लोक एकमेकांना गाणी आणि देवांचे फोटो पाठवत होते, आणि आमचा संगणक मात्र बहिरा. ते काम मी आणि आणखी एकाने अंगावर घेतलं. तो आणखी एक म्हणजे बालाघाटचे डॉक्टर यशवंत भोयर. डॉक्टर म्हणजे गुरांचे. सरकारी नोकरी, दवाखाना बैहरला, घर बालाघाट शहरात.

दोन वर्षं आमचा पत्रव्यवहार चालला होता, सगळा ई-मेलवर. काम पुष्कळ झालं होतं. फक्त एक गोष्ट सुटत नव्हती. डॉक्टरांच्या घरचा संगणक ब्लूटूथ चालू असताना अधूनमधून जागच्या जागी गोठायचा. माझ्याकडे तो कधी गोठला नाही, दुसऱ्या कुणाकडेही नाही. गोठण्याआधी तो एक अक्षरही नोंदवून ठेवत नसे, त्यामुळे शोधायचं कुठे हेच कळेना. गटातला मुख्य माणूस फिनलंडचा. त्याने शेवटी लिहिलं की तुमचा संगणकच खराब असावा, आणि हे असंच राहिलं तर पुढच्या आवृत्तीतून ब्लूटूथ वगळावं लागेल. त्यानंतर डॉक्टरांची मला मेल आली: "मेधाजी, जनावरं बरी होतात, हे होत नाही. आता मी थांबतो."

मी रजा टाकली आणि गोंदियाचं तिकीट काढलं.

वैनगंगा ओलांडून

गोंदियाला गाडी बदलताना फलाटावर उकडलेले शिंगाडे दिसले. मी मूळची सांगलीची; तिकडे हे फळ मी उपासाच्या पिठाच्या रूपातच पाहिलेलं. काळी, शिंगं असलेली ती फळं सोलायची कशी ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंनी एक दातांनी तोडून दाखवलं. मी नखांनी प्रयत्न केला. बालाघाट येईपर्यंत शिंगाडे संपले होते आणि माझी दहाही बोटं शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी झाली होती.

शहर यायच्या आधी पुलावरून वैनगंगा दिसली. डिसेंबरातली, निवांत, मधे वाळूची बेटं आणि त्यांवर कलिंगडाच्या वाड्यांची तयारी. डब्यात कोण काय बोलतंय ते ऐकताना मला गंमत वाटत होती. वाक्य हिंदीत सुरू व्हायचं, मधे मराठीत शिरायचं आणि क्रियापदाशी येईपर्यंत पुन्हा हिंदी. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

स्टेशनवर डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई दोघंही आले होते. डॉक्टर उंच, खांदे जरा वाकलेले, आवाज खालचा. मेलवर इतकं मोकळं लिहिणारा माणूस समोर आल्यावर लाजला. "आलात बा तुम्ही," एवढंच म्हणाले आणि माझी बॅग उचलली. सुनंदाताई माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"शिंगाडे खाल्ले ना?" त्या म्हणाल्या. "लिंबू लावू. तरी दोन दिवस जात नाही ते."

त्या हिंदी शाळेत शिकवतात. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि बाजारात समोरचा जे बोलेल ते. "आमची मुलगी रायपूरला शिकते," त्या रिक्षात म्हणाल्या. "फोनवर मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते. दोघींना समजते. अजून काय पाहिजे?"

लंगडणं बंद

घर हनुमान चौकाच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या पुढे, दोन मागे, दारात पेरूचं झाड. पुढच्या खोलीत टेबलावर तो संगणक. जेवायला नव्या चिन्नोर तांदळाचा भात होता. झाकण काढलं तेव्हा वास पुढच्या खोलीपर्यंत गेला. त्यावर डाळीच्या वड्यांचा चुरा आणि कडकडीत फोडणीचं तेल. आमच्याकडे भातावर तूप वाढतात, तेल वाढलं तर पाहुणा रागावेल. मी तीनदा घेतला.

मग आम्ही संगणकाशी बसलो. मी पुण्याहून माझा लॅपटॉप, दोन फोन आणि ब्लूटूथची बोटभर लांबीची डोंगलं आणली होती. दुपारभर आम्ही त्या यंत्राला छळलं. फोन जोडला, तोडला, फाईल पाठवली, परत मागवली. ते एकदाही गोठलं नाही.

डॉक्टर ओशाळले. "जनावराचं असंच असते ताई," ते म्हणाले. "घरी चार दिवस लंगडते. दवाखान्यात आनलं का सरळ चालते. मालकाले वाटते डॉक्टर आपल्याले खोटं समजून राह्यला."

"मी खोटं समजत नाही," मी म्हटलं.

"तुमी नाई. पन बाकीचे समजतात ना."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. दोन वर्षं या माणसाने बैहरहून परतल्यावर, हात धुऊन, दुसऱ्याच्या उपयोगाचं काम केलं होतं. आणि बदल्यात त्याला ऐकावं लागलं की तुझं यंत्रच खराब.

संध्याकाळी शेजारचे देशकर काका चहाला आले. पासष्टीचे, इस्त्रीचा सदरा, वर हातविणीचा स्वेटर. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. घराण्यात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी, त्यामुळे बोलणंही अर्जासारखं नेटकं. मी कोण, कुठली, कशासाठी आले हे त्यांनी क्रमाने विचारून घेतलं आणि पुण्यातल्या पाण्याची चौकशी केली. ते उठून गेले, मी कप आत ठेवून आले, तर डॉक्टर पडद्याकडे बोट दाखवत उभे.

बाणाची खूण जागच्या जागी थांबली होती. घड्याळाचा सेकंद हलत नव्हता.

"पाहिलं?" ते म्हणाले. गोठलेलं यंत्र पाहून एवढा आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बैहर

आम्ही तर्क केला की घरातली वीजच दगा देत असावी. दाब कमीजास्त होत होता हे दिव्याकडे पाहूनही कळत होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर आमची सिस्टीम घालून तो बैहरला न्यायचा ठरला. घरापासून लांब, बॅटरीवर. तिथे गोठला तर दोष आमच्या लिहिण्यात. नाही गोठला तर विजेत.

बालाघाट सोडलं की रस्ता घाटाला लागतो. सालाची झाडं दोन्ही बाजूंना सरळ उभी, मधूनच खाली दरी, आणि थंडी इतकी की जीपमध्ये मी सुनंदाताईंची शाल डोक्यावरून घेतली. जीप म्हणजे वडाप. आमच्याकडच्या वडापात माणसं कोंबतात. इथे माणसांबरोबर एक कोंबडा, पत्र्याची पेटी आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठाही होता. डॉक्टरांना सगळे ओळखत होते. पुढच्या सीटवरून एकाने वळून बैलाच्या खांद्याची गाठ सांगितली, मागून दुसऱ्याने गाय पुन्हा पुन्हा का उलटते, म्हणजे गाभण का राहत नाही, ते विचारलं. घाट संपेपर्यंत त्यांची अर्धी तपासणी होऊन गेली होती.

दवाखाना म्हणजे कौलारू खोली आणि पुढे मोठं आवार. मी ओट्यावर लॅपटॉप मांडून बसले. आजूबाजूला कोणाकोणाचा फोन आहे हे आमची सिस्टीम दर थोड्या वेळाने आपणहून विचारते आणि नावांची यादी दाखवते. कंपाउंडरचा फोन दिसला, जीपवाल्याचा दिसला, समोरच्या तहसील कचेरीत येणाऱ्याजाणाऱ्यांचे दिसले. सगळे आले, गेले. लॅपटॉप ठणठणीत.

दुपारी एक म्हातारी शेळी घेऊन आली. कुठल्याशा पाड्यावरून चालत आली होती, शेळीला बराचसा रस्ता खांद्यावर घेऊन. ती गोंडीत बोलत होती, कंपाउंडर हिंदीत सांगत होता. शेळीने खाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तोंड उघडलं, कान चाचपले, मग पुन्हा पोटावर हात ठेवून नुसते बसून राहिले. त्यांना घाई नव्हती. म्हातारीलाही नव्हती. मेलवरचे डॉक्टर मला तेव्हा कळले. एखादी ओळ चुकली असेल तर ते दहा दिवस तिच्याजवळ असेच बसत असणार.

औषध पाजून झाल्यावर म्हातारी माझ्याजवळ आली, लॅपटॉपकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. कंपाउंडर हसला. "पूछ रही है, इसको क्या हुआ है."

"सांगा, इथे तर बरा आहे," मी म्हटलं.

परतताना आम्ही दोघंही जवळजवळ खुशीत होतो. दोष विजेचा. डॉक्टर म्हणाले, "उद्या फिनलंडले लिहून टाकतो, का दोष आमच्याच घरचा हाय, तुमी बरोबर होते." आवाज हलका होता, पण घाट उतरेपर्यंत ते जीपबाहेरच बघत होते.

देशकर काका

घरी आलो. मी लॅपटॉप तसाच चालू, बॅटरीवर, पुढच्या खोलीत ठेवला आणि चेहरा धुवायला गेले. बाहेर देशकर काकांचा आवाज आला, "आलात का बैहरहून? म्हटलं चौकशी करून यावं." चहा झाला. गप्पा झाल्या. मी लॅपटॉप उचलायला गेले तर तो गोठलेला.

वीज नाही, वायर नाही, माझं स्वतःचं यंत्र. डॉक्टर खुर्चीत बसले ते डोक्याला हात लावून.

सुनंदाताई पोळ्या लाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काकांचं आणि याचं काही वाकडं आहे काय हो? ते येऊन गेले का हे बसते."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गेल्या खेपेलेही काकाच आलते," डॉक्टर सावकाश म्हणाले. "दिवाळीच्या टायमाले काका मुलाकडे गेलते भोपाळले. तवा नाई झालतं. मी म्हटलं, थंडी पडली म्हनून यंत्र सुधरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना रीतसर बोलावणं गेलं. ते कोट घालून आले. आम्ही त्यांना संगणकासमोर बसवलं आणि विचारलं, तुमच्याजवळ फोन आहे का? आहे म्हणाले, आणि खिशातून काढला. तेव्हा बाजारात मोठ्या स्पीकरचे चायना फोन आले होते, दोन सिमकार्डवाले, वाजले तर गल्ली जागी व्हावी. त्यातलाच एक. मुलाने दिलेला.

"यात ब्लूटूथ चालू आहे का, काका?"

"पहिल्या दिवसापासून. मुलाने सांगितलं होतं चालू ठेवा, फोटो पाठवता येतात. त्यात नाव विचारलं, मी भरून टाकलं."

"काय नाव भरलंत?"

काकांनी चष्मा लावला, फोन हाताच्या अंतरावर धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं: "श्री वसंतराव गणेशराव देशकर, सेवानिवृत्त नायब तहसीलदार, बालाघाट."

संगणक गोठला.

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते कागद घेऊन अक्षरं मोजायला लागले. फोनचं नाव ठेवायला आमच्या सिस्टीममध्ये जागा आखलेली होती. आम्ही दोघं यायच्या आधी कुणीतरी आखली होती, आणि फोनचं नाव ते असून असून किती मोठं असणार या हिशेबाने. शिवाय इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं, देवनागरीला तीन लागतात. काकांचं नाव त्या जागेत मावत नव्हतं. ते शेजारच्या जागेत सांडायचं आणि तिथे जे काही ठेवलेलं असेल ते पुसून जायचं. म्हणून यंत्र कधी लगेच बसायचं, कधी काका चहा पिऊन घरी पोचल्यावर.

काका अस्वस्थ झाले होते. "म्हणजे माझ्यामुळे तुमचं नुकसान होऊन राहिलं? मी कमी करतो नाव. सेवानिवृत्त काढून टाकतो. बालाघाटही काढतो, इथं सर्वांना माहीतच आहे."

"नाई काका," डॉक्टर म्हणाले. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तुमी एक अक्षर काढू नका. मानूस आपलं नाव सांगते तसं सांगते. जागा आमाले वाढवावी लागंन."

दुरुस्ती त्यांनीच केली. मी शेजारी बसून होते. जागा वाढवली, आणि त्याहून मोठं नाव आलं तर मधेच अक्षर न तोडता थांबायचं अशी सोय केली. यंत्र पुन्हा चालू केलं. काका श्वास रोखून बसले. यादी आली. माझे फोन दिसले, आणि त्यांच्या खाली एक लांबलचक ओळ, नुसत्या रिकाम्या चौकोनांची.

"हे काय? नाव कुठे आहे माझं?"

"तेच आहे, काका," मी सांगितलं. "आमच्या सिस्टीमला देवनागरी अक्षरं काढता येत नाहीत अजून. नाव पूर्ण घेतलंय तिने, वाचता येत नाही."

काकांनी चौकोनांवरून बोट फिरवलं. "म्हणजे बसायला खुर्ची दिली, पण ओळख नाही."

"हौ," डॉक्टर म्हणाले. "ओळख बी होईन."

सुनंदाताईंनी पोहे आणि जिलेबी मागवली. यंत्र चालतच राहिलं.

रामपायली

त्या दिवशी फोनच्या तारेवरचं इंटरनेट बंद होतं, त्यामुळे केलेलं काम कुणाला पाठवता येईना. डॉक्टर म्हणाले, चला मग गावाला. सुनंदाताईही निघाल्या. त्यांचं मूळ गाव रामपायलीजवळ. आईवडील तिथे राहतात, भाताची शेती करतात.

वाटेत सगळीकडे धानाची खळी. काही ठिकाणी बैल फिरत होते, काही ठिकाणी ट्रॅक्टर, आणि हवेत भुशाची पिवळट धूळ. डॉक्टरांचे वडील खळ्यावरच भेटले. त्यांनी मला खाटेवर बसवलं, ताजी बोरं पुढे ठेवली आणि मुलाकडे बघून विचारलं, "सुधरलं का तुयं ते?"

"सुधरलं बाबा."

"काहून बिघडलतं?"

डॉक्टरांनी सांगितलं. देशकर काका, त्यांचा फोन, लांब नाव, अपुरी जागा. म्हातारबुवांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "तहसीलदाराले कमी जागा दिली? बिघडनच ना." आणि बैलांकडे गेले.

संध्याकाळी नदीकाठच्या जुन्या राममंदिरात गेलो. देऊळ किल्ल्यासारखं, जाड भिंतींचं. आतल्या काळोखातून पलीकडच्या खिडकीत आलं की खाली एकदम पाणी दिसतं. डॉक्टर तिथल्या कठड्यावर बसले. बोरांच्या बिया एकेक करून पाण्यात टाकत होते.

"मी खरंच बंद करनार होतो," ते म्हणाले. "तुमाले लिहिलं तवा खोटं नव्हतं. रोज मनात यायचं, इथं बसून आपन हे कोनासाठी करून राह्यलो? तिकडचे हुशार लोक म्हनतात तुयं यंत्र खराब, तर असनच खराब."

"आता?"

"आता देवनागरी करावी म्हनतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत." त्यांनी आणखी एक बी पाण्यात टाकली. "तुमी हौ म्हनसान तर."

मी हौ म्हटलं. सांगलीच्या तोंडातून तो हौ कसातरीच निघाला. सुनंदाताईंना हसू आवरेना.

निघण्याची सकाळ

परत आलो तेव्हा इंटरनेट सुरू झालं होतं. केलेली दुरुस्ती गटाला पाठवताना ती कशासाठी केली ते एका ओळीत लिहायची पद्धत असते. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी असं: "निवृत्त नायब तहसीलदार चहाला आले असता यंत्र बंद पडत असे. आता पडत नाही." मी म्हटलं, जरा तांत्रिक लिहा. ते म्हणाले, खाली सगळं तांत्रिकच आहे, वरची ओळ खरी असू द्या.

सकाळी माझी बॅग दाराशी होती. बोटं अजून काळीच होती, लिंबाचा उपयोग झाला नव्हता. सुनंदाताईंनी चिन्नोर तांदळाची पिशवी बांधून दिली आणि ती हातातच धरायची, वरच्या फळीवर टाकायची नाही, असं बजावलं. देशकर काका निरोप द्यायला आले होते, कोट घालून. तेवढ्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली. फिनलंडहून उत्तर आलं होतं.

दुरुस्ती घेतली होती. ब्लूटूथ पुढच्या आवृत्तीत राहणार होतं. त्याखाली त्या माणसाने लिहिलं होतं, तुमचं यंत्र खराब आहे असं मी म्हणायला नको होतं, मला वाईट वाटतं. आणि आणखी एक ओळ: ते गृहस्थ कसे आहेत?

मी काकांना ती ओळ मराठीत सांगितली. त्यांनी कोटाची बटणं लावली.

डॉक्टर टाइप करायला बसले. काय लिहू म्हणून त्यांनी विचारलं नाही. मी मागून वाचलं: "खुशाल आहेत. इथेच बसले आहेत. चहा ठेवलाय."